दुरून नमस्कार

मेडिकलची प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायला लातूरला मी रिपीटर म्हणून राहत होतो. क्लासच्या टेस्ट सिरीजसाठी म्हणून बाबांनी जुना लॅपटॉप घेऊन दिला. बाबा किल्लारीचे गवंडी. भूकंपानंतर नव्या गावातल्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या.

मी त्या लॅपटॉपवर भलतेच उद्योग करायचो. परदेशातल्या चार-दोन हौशी माणसांनी फावल्या वेळात लिहिलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम मी उतरवून घेतली होती. लॅपटॉपच्या आत एक खोटा संगणक चालवायचा आणि त्यात ती सुरू करायची. आतलं कितीही कोसळलं तरी लॅपटॉपला काही होत नाही. ती दिवसातून दहादा कोसळायची आणि मी जीवशास्त्र सोडून तिच्यामागे असायचो.

एका रविवारी बाबा डबा घेऊन आले, ते थेट माझ्या पाठीमागेच.

"हे काय हाय रे?"

"क्लासचं सॉफ्टवेअर. टेस्ट याच्यातच असतात."

मी बेधडक ठोकून दिलं. बाबा खुलले. काम सुरू करण्याआधी ते थापीला हात लावून तो कपाळाला लावत. तसाच त्यांनी माझ्या कीबोर्डला हात लावला. एक बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवरच्या खिडकीतलं सगळं गोठलं.

"माझ्या हातानं गेलं काय रे?"

एक क्लिक केली असती तर ते पुन्हा सुरू झालं असतं. पण मग हे नेमकं काय आहे, हे सांगावं लागलं असतं. मी वैतागाचं सोंग आणलं.

"तुमाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? आता टेस्ट कशी देऊ?"

बाबा डबा ठेवून लगेच बसस्टँडवर गेले.

निकाल लागला, मी आपटलो. आई माझ्यावर तुटून पडली, तेव्हा बाबा मध्ये आले. "त्याला बोलू नको. त्याचं मशीन मीच बिघडवलं होतं." मी मान खाली घालून भाकरी खात राहिलो. लाज वाटत होती, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

आज मी सॉफ्टवेअरच्याच नोकरीत आहे. मागच्या महिन्यात बाबांसाठी नवा फोन नेला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, फोनकडे पाहून मान लववली आणि म्हणाले, "तूच धर. माझ्या हाताला हे सोसत न्हाई."


मी तेव्हाही खरं सांगितलं नाही.