कोल्ह्याने नेलेला डावा बूट

७ जून. सकाळी पोह्यांची कढई घासायला मी कॅम्पिंगच्या सामाईक नळावर उभी होते. छोट्या गॅस-शेगडीची आच मधोमधच लागते, त्यामुळे कढईचा तळ बरोबर रुपयाएवढा जळला होता. तेवढ्यात लेक पळत आली आणि आजीचा एक बूट गायब असल्याचं जर्मनमध्ये सांगू लागली. ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. गाडीखाली बघ, म्हटलं. बघितलं होतं. तंबूमागे? तिथेही बघितलं होतं.

"डावा की उजवा?" मी विचारलं.

"लिंक्स."

डावा. मी कढई तशीच साबणात सोडली आणि निघाले.

उजवा गेला असता तर मी आधी कढई पूर्ण केली असती. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. पुण्यात त्या काठी घेऊन जेमतेम सोसायटीच्या फाटकापर्यंत जायच्या. मार्चमध्ये आमच्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आल्या, तेव्हा पायांच्या तक्रारींसाठी बूट बनवणाऱ्या एका कारागिराकडे मी त्यांना घेऊन गेले. त्याने माप घेतलं, चालवून पाहिलं आणि डाव्या बुटाला जाड तळ चढवून दिला. बूट घातले त्या दिवशी सासूबाई बस स्टॉपपर्यंत जाऊन आल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा गेल्या. काठी दाराशीच राहिली.

त्या चालू लागल्याचा नवऱ्याला आनंद झाला, पण त्याचा बेत बदलला नाही. इथून परतताना आईने पुण्याला जायचंच नाही, ठाण्याला माझ्या नणंदेकडे कायमचं राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात दुसरं माणूस नाही. भाडेकरू बघायलाही त्याने एकाला सांगून ठेवलं होतं. हे सगळं त्याने जेवताना आईला समजावून सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग भिंतीकडे बोट दाखवून हे झाड कुठे आहे, असं नातीला विचारलं.

भिंतीवर लेकीच्या शाळेच्या प्रकल्पातला फोटो होता. बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या जंगलात, राष्ट्रीय उद्यानात, एक जुनं टानेचं झाड आहे. टाने म्हणजे सुईसारख्या पानांचा उंच सदाहरित वृक्ष. फोटोत त्याच्या बुंध्याला वर्गातली सहा मुलं हात धरून वेढा घालून उभी होती आणि तरी वेढा पुरा झाला नव्हता. कॅम्पिंगच्या जागेपासून झाडापर्यंत अडीच किलोमीटर, चढाची आणि मुळांनी भरलेली वाट, असं लेकीने सांगितलं.

"माझ्या पायांनी तिथपर्यंत गेले तर मी पुण्याला माझ्या घरी जाणार," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "नाही गेले तर तू सांगशील तिथे."

नवरा हो म्हणाला. पहिल्याच वळणावर आई दमेल असा त्याचा हिशोब असावा. मला कित्येक वर्षांपासून तंबूत राहायचं होतं आणि या घरात त्याला कोणाचाही पाठिंबा नव्हता. मी त्याच संध्याकाळी फिंग्स्टनच्या, म्हणजे शाळेच्या जूनमधल्या, सुट्टीसाठी जागा बुक करून टाकली.

सहा तारखेला दुपारी पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि चौघांनीही आधी वर पाहिलं. तंबूच्या जागेभोवती झाडं सरळ वर गेली होती. खालची कित्येक मीटर खोडाला फांदीच नव्हती आणि शेंडे बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. तंबूच्या खुंट्या ठोकताना मी हसत होते, असं नवरा म्हणाला. त्याला दोनदा हाक मारावी लागली म्हणे.

आमच्या शेजारी एक म्हातारे जर्मन गृहस्थ त्यांच्या कॅराव्हॅनमध्ये राहात होते. मिशीवाले, दरवर्षी इथेच येणारे. त्यांनी संध्याकाळी मुद्दाम येऊन सांगितलं की इथे कोल्हा फिरतो, झोपण्यापूर्वी सगळं आत घ्या. मी लगेच कामाला लागले. पोहे, चिवडा, भाकऱ्या, लोणच्याची बरणी, उष्टी पातेलीसुद्धा गाडीच्या डिकीत कुलूपबंद केली. बिस्किटाचा चुरा झाडून काढला. कोल्ह्याला आमच्याकडे मुंगीएवढाही घास मिळणार नव्हता.

आणि तंबूच्या दारात चार जोड्या बूट ओळीने, टोकं बाहेर करून ठेवले होते. घरी दाराबाहेर ठेवतो तसे. तंबूत अंथरुणं होती, सासूबाईंची देवाची छोटी डबी होती. तिथे पायताण न्यायचं नाही, हे कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं. सगळ्यांचे हात आपोआप तसेच चालले.

सकाळी तिथे तीन जोड्या होत्या आणि सासूबाईंचा एकटा उजवा बूट.

मी नळावरून परत आले तोवर मिशीवाले शेजारी हजर होते. जूनमध्ये कोल्हिणीला पिल्लं असतात, ती त्यांना खेळायला बूट नेते, पायाचा वास मुरलेलं कातडं त्यांना फार आवडतं, असं लेक सांगत होती आणि ते "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत बरोबर आहे अशी मान हलवत होते. "सगळं आत घ्या, असं मी म्हणालो होतो," हेही त्यांनी सौम्यपणे ऐकवलं. लेकीचे डोळे चमकत होते. आजीसाठी तिला वाईट वाटत होतं, पण कोल्हा आमच्या उशापासून हातभर अंतरावर येऊन गेला, याचं अप्रूप तिला काही केल्या लपवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही.

नवरा घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसला होता. "चला," तो म्हणाला, "बूटच नाही, म्हणजे प्रश्न मिटला."

सासूबाई समोर बसल्या होत्या. उजव्या पायात बूट, डाव्या पायात नुसता मोजा.

"कोणाचा मिटला?" त्यांनी विचारलं.

मी कॅम्पिंगच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंना नवल वाटलं नाही. वाट सोडून जंगलात शिरायला बंदी आहे, त्यामुळे शोधायचं तर फक्त वाटेच्या कडेने, असं त्यांनी आधी बजावलं. मग फळीखालून एक प्लास्टिकचा क्रेट ओढला. त्यात कोल्हिणीची आजवरची कमाई होती. सँडल, रबरी बूट, धावायचे बूट, सगळे एकेकटे, कोणाची जीभ चावलेली, कोणाची नाडी गायब. आमचा नव्हता. लेक आणि मी तासभर वाटेच्या कडेने फिरलो. एक फुटका चेंडू आणि लहान मुलाचा हातमोजा मिळाला.

परत येताना मी पुन्हा क्रेटपाशी थांबले. तळाशी एक तपकिरी, घोट्यापर्यंतचा डाव्या पायाचा बूट होता, सासूबाईंच्या मापाचा. गेल्या वर्षापासून कोणी विचारायला आलं नाही, घेऊन जा, असं त्या बाई म्हणाल्या.

मी एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत चाचणी विभागात काम करते. वस्तू बिघडली की रडत बसायचं नाही, मोजायला लागायचं, एवढं तिथे शिकले. सासूबाईंचा उरलेला उजवा बूट समोर होता, पाय समोर होते, लेकीच्या दप्तरात पट्टी होती. हवा होता तो फक्त जाड, हलका, न दबणारा तळ. मी आजूबाजूला पाहिलं. नवऱ्याच्या पायात त्याच्या जाड फोमच्या स्लिपर होत्या.

"काढ," मी म्हटलं.

"अगं, या नवीन आहेत."

"म्हणूनच."

भाजीच्या सुरीने स्लिपर कापली. टाचेखाली दोन थर, चवड्याखाली एक, आणि सगळ्यावरून बुटाला गुंडाळून शेजाऱ्यांची चंदेरी चिकटपट्टी. सासूबाई तंबूभोवती एक फेरी मारून आल्या. टाच जरा कमी करायला सांगितलं. मी तासली. दुसऱ्या फेरीनंतर त्या आपणहून तिसरीला निघाल्या, म्हणजे जमलं होतं.

दुपारी निघालो. पहिला अर्धा तास मी स्वतःवर भलतीच खूष होते. वाट ओलसर, मऊ. पडलेल्या खोडांवर शेवाळ, आणि त्या शेवाळावर टानेची नवी रोपं ओळीने उगवलेली. सासूबाई पुढे, हातात चालायच्या दोन काठ्या. नवरा त्यांच्या मागे एक हात अंतरावर, पडल्या तर झेलायच्या तयारीत. लाकडी पूल आला. पुलानंतर ओली मुळं होती. तिसऱ्या-चौथ्या मुळावर चिकटपट्टी सरकली आणि तळ बुटाखालून तिरका बाहेर आला. सासूबाई डगमगल्या, काठ्यांवर सावरल्या, उभ्या राहिल्या.

नवऱ्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. मी पट्टी पुन्हा आवळली. दहा पावलांत पुन्हा सुटली. ओल्यावर ती चिकटणारच नव्हती.

"बास, आई," नवरा म्हणाला. त्याचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता, घाबरल्यासारखा होता. "अट संपली."

सासूबाई एका ओंडक्यावर बसल्या आणि श्वास शांत होईपर्यंत थांबल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपली जागा उद्या कधीपर्यंत आहे गं?"

"अकरापर्यंत."

"अट झाडापर्यंत जायची होती," त्या मुलाला म्हणाल्या. "आजच जायचं असं ठरलं नव्हतं. वकिली करायची होती तर तू आधीच करायचीस."

येताना मी तळाचे तुकडे हातात घेतले. सासूबाई सपाट बुटावर लंगडत, काठ्या टेकत सगळी वाट परत चालल्या. तंबूशी पोचल्यावर नवऱ्याने त्यांच्यासाठी चहा ठेवला. साखर घालायला विसरला.

शेजाऱ्यांच्या कॅराव्हॅनमध्ये अख्खं दुकान होतं. कॅराव्हॅनला जोडायच्या तंबूचं रबर चिकटवायचा डिंक त्यांनी काढून दिला आणि नियम सांगितले: दोन्ही बाजू खरडा, कोरड्या करा, लावा, थोडं थांबा, मग दाबा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. बुटाचा तळ मी तारेच्या घासणीने खरवडला, तीच कढईची घासणी. कडेने जाड सुईने टाकेही घातले. सुई फोममध्ये ढकलायला बोट पुरेना, तेव्हा नवरा पक्कड घेऊन शेजारी बसला. सांगितलं नव्हतं. मी सुई घालायची, त्याने ओढायची.

"तिसरा मजला आहे," मध्येच तो हळू आवाजात म्हणाला. "चुकून पडली तर तिथे कोण आहे?"

"समोरच्या काकू आहेत. खाली दुकानवाला आहे," मी म्हटलं. "ओढ."

त्याने ओढली.

दाबायला वजन हवं होतं. प्रेशर कुकर आणल्याबद्दल नवरा आदल्या दिवसापासून माझी चेष्टा करत होता, कॅम्पिंगला कोणी कुकर आणतं का म्हणून. बुटावर एक फळी, फळीवर पाण्याने भरलेला कुकर. हे सगळं तंबूच्या आत, अंथरुणांच्या शेजारी. बाकीचे बूटही आत आले, देवाच्या डबीपासून जमेल तितके लांब. सासूबाईंनी बुटांखाली जुनं वर्तमानपत्र घातलं, हात धुतले आणि देव क्षमा करेल, त्यालाही कोल्हा दिसला असेल, असं म्हणून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुकर उचलला. तळ ओढून पाहिला, वाकवून पाहिला, मग बूट नळाखाली धरला आणि पुन्हा ओढला. हलला नाही. चहा न घेताच निघालो.

पूल आला, ओली मुळं आली. सासूबाई प्रत्येक मुळावर आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा, अशा चालत होत्या. चढावर त्या बऱ्याचदा थांबल्या. नवरा आज त्यांच्या मागे नव्हता. तो पुढे गेला होता आणि वाटेतल्या सुट्या फांद्या पायाने बाजूला करत होता. लेकीला वळणावरून झाड दिसलं, ती ओरडली, "दा! दा इस्ट झी!" आणि मग पहिल्यांदाच आपणहून मराठीत, "आजी, ये ना!"

झाड फोटोत मावलं नव्हतं हे तिथे गेल्यावर कळलं. बुंधा एखाद्या खोलीएवढा, साल राखाडी, भेगाळलेली, आणि वर नजर जात राहते पण शेंडा येत नाही. मला मोठ्याने काहीतरी ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही.

सासूबाई झाडापासून चार पावलांवर थांबल्या. काठ्या नातीकडे दिल्या. नवरा त्यांच्याजवळ आला.

"ताईला फोन करतो," तो म्हणाला. "आई पुण्याला जाणार आहे म्हणून." पुढे म्हणाला, "जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा मात्र बसवून घ्यायचा."

"बसव की," सासूबाई म्हणाल्या. मग त्याच्या खांद्याला धरून त्या वाकल्या, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि मोज्यांनी झाडापाशी जाऊन बुंध्यावर हात ठेवले.

बूट वाटेवर होते, टोकं बाहेर, परतीच्या वाटेकडे करून, एकमेकांशेजारी नीट लावलेले. मी ते उचलले आणि काखेत घट्ट धरून उभी राहिले.