चांद्याला हात कोणी लावायचा

आमच्या गावात सगळे अहिराणी बोलतात. भांडण अहिराणीत, लाड अहिराणीत, बैलांना शिव्यासुद्धा अहिराणीतच. पण राजकारण निघालं की बन्सीलालच्या दुकानाच्या ओट्यावरच्या पुरुषांना एकदम पुस्तकी मराठी फुटायची. धोरण काय, जनतेचा कौल काय. माझं घर दुकानाच्या अगदी समोर, त्यामुळे चूल फुंकता फुंकता ही सगळी बडबड माझ्या कानांवर पडायची. सर्वांत मोठा आवाज आमच्या यांचा. यांचं नाव मी घेत नाही. आधी रिवाज म्हणून घेत नव्हते, पुढे घ्यावंसं वाटलं नाही.

मला सांगायचंय ते धुडकूभाऊंबद्दल. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तापीकाठी थोडी जमीन, कापूस आणि गहू, बायको सुंदरबाई, आणि चांद्या आणि कोशा ही बैलजोडी. बुटका, अबोल माणूस. भाकरी मोडली की पहिला तुकडा चांद्याला. सुंदरबाई म्हणायची, लग्न माझ्याशी लागलं पण संसार बैलाशी चाललाय. हे बैल त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून गोऱ्हे असताना आणले होते. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, उंची अशी की पोळ्याला वेशीत सगळ्यांत पुढे मान त्याचाच.

तेव्हा काँग्रेसची निशाणी बैलजोडी. सत्तावन्न साली प्रत्येक निशाणीची पेटी वेगळी असायची. धुडकूभाऊ मत टाकायला आत गेले ते बाहेरच येईनात. अधिकाऱ्याने हाक मारून बोलावलं, तेव्हा आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या पेटीवरना बैल भलता वाळेल शेतस. कोना शेतस त्या?" गाव महिनाभर हसलं. पण त्या हसण्यातूनच आमच्या यांच्या डोक्यात आलं की चित्रातली जोडी वाळलेली, मग मिरवणुकीला धुडकूची खरी जोडी का नको. तेव्हापासून दर निवडणुकीला चांद्या आणि कोशा सजायचे. झूल, शिंगांना रंग, गळ्यात हार. लोक बैलांच्या पायांवर हात ठेवून तो कपाळाला लावायचे. धुडकूभाऊ कासरा धरून पुढे चालायचे. त्यांना त्यातलं राजकारण कळत नव्हतं, पण चांद्याला हार पडला की ते सुखावायचे.

चौसष्ट सालच्या मे महिन्यात पंडित नेहरू गेले. बन्सीलालच्या रेडिओवर बातमी आली आणि ओट्यावर रडारड सुरू झाली. आमच्या यांनी मिशा उतरवल्या. बन्सीलालने तेराव्याला गावजेवण घातलं, फोटोला हार घातला, सगळी माणसं समान ही पंडितजींची शिकवण असं भाषण केलं. गावाबाहेरच्या वस्तीतला झिपरू आणि त्याची माणसं जेवायला आली, त्यांची पंगत मात्र लांब, निंबाच्या पलीकडे. धुडकूभाऊंनी भाषण केलं नाही. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल जुंपले नव्हते. "मोठा माणूस गया. आज बैलस्ले बी सुटी," एवढंच म्हणाले.

सदुसष्ट सालच्या निवडणुकीपर्यंत चांद्या म्हातारा झाला होता. निकाल लागला तेव्हा तो दोन-चार दिवस नीट खात नव्हता, खोकत होता. आमच्या भागातला काँग्रेसचा माणूस निवडून आला, पण देशात पक्षाची पार रया गेली होती. मद्रास गेलं, बंगाल गेला, दिल्लीत कसंबसं बहुमत. ओट्यावर दोन तट पडले, जिंकलो की हरलो. शेवटी ठरलं की आपण तर जिंकलो, मिरवणूक काढायची.

आमचे हे जोडी मागायला गेले. धुडकूभाऊंनी सरळ सांगितलं, "चांद्या दुखनाईत शे. ह्या डाव नको." हे परत आले आणि जेवताना मला म्हणाले, "धुडकूला माज आलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी धुडकूभाऊ गव्हाला पाणी भरायला शेतात गेल्यावर यांनी चार माणसं नेऊन जोडी सोडून आणली. सुंदरबाई दारात आडवी झाली होती. तिला म्हणाले, "गावाचं काम आहे, बैल काय तुझ्या एकटीचा आहे?" मला हे नंतर कळलं. कळलं तेव्हा यांच्यासाठी थापलेली भाकरी मी कुत्र्याला घातली.

मिरवणूक निघाली. माघातलं ऊन, तरी दुपारकडे चटका बसत होता. ढोल, गुलाल. बैलांच्या डोळ्यांत गुलाल गेला तरी कुणाला पर्वा नाही. मारुतीच्या देवळापाशी फटाक्यांची लड लावली, तसा चांद्या बिथरला, पळायला गेला आणि बन्सीलालच्या दुकानासमोर बसला तो बसलाच. दोघांनी शेपटी पिळली. कुणीतरी पराणी टोचली. मी दारातून ओरडले की अरे त्याला पाणी द्या आधी. पाणी घेऊन मी पोचले तेव्हा त्याने मान टाकलेली होती. गळ्यात हार तसाच.

मिरवणूक तिथेच मोडली. तुम्हाला वाटेल माणसं ओशाळली असतील. छे. ऊन लागतंय म्हणून ओट्यावर चढली, बन्सीलालने चहा सांगितला, आणि दहा पावलांवर चांद्या पडलेला असताना मंडळींनी पंडितजींचा हिशेब मांडायला घेतला.

आमचे हे म्हणाले, "आजची ही अवस्था पंडितजींमुळेच. चीनपुढे नाक कापून घेतलं, आणि आपल्याला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खायला लावली."

याच तोंडावरच्या मिशा तीन वर्षांपूर्वी त्याच माणसासाठी उतरल्या होत्या.

बन्सीलाल चिडला. "धरणं कोणी बांधली? कारखाने कोणी आणले? अस्पृश्यता कायद्याने कोणी घालवली? पंडितजींचा वारसा तुम्हाला पेलला नाही, म्हणून राज्यं गेली."

तेवढ्यात धुडकूभाऊ शेतातून धावत आले. त्यांच्या पायांना चिखल होता. चांद्याजवळ बसले, डोळ्यांतला गुलाल धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. रडले नाहीत. मग उठून ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "बांधवर पुरनं शे याले. चार जन हात लावा."

आमच्याकडे पोळ्याच्या मानाचा बैल शेताच्या बांधावर पुरतात. त्यासाठी कुणीतरी तो तिथवर न्यायला हवा. आणि मेलेल्या ढोराला हात लावला की विटाळ. ज्यांनी सकाळी चांद्याच्या पायांवर हात ठेवले होते ते सगळे आपापल्या बशीत बघायला लागले.

"झिपरूला बोलवा," बन्सीलाल म्हणाला. हो, तोच, अस्पृश्यता घालवणारा.

झिपरूच्या लोकांच्या गळ्यात हे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या मारलेलं होतं. छप्पन साली ते बौद्ध झाले आणि त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तेव्हापासून कुणाचं जनावर मेलं की शहाद्याहून कातडं घेणारे गाडी आणायचे. पण ते कातडं सोलणार, आणि धुडकूभाऊंना चांद्याच्या अंगाला सुरी लागू द्यायची नव्हती. झिपरूकडे माणूस गेला आणि नुसताच परत आला. झिपरू नाही म्हणाला होता.

झालं. ओट्याला नवा विषय मिळाला. आमचे हे म्हणाले, "हे पाहा पंडितजींचं कर्तृत्व. यांना डोक्यावर बसवून ठेवलं." बन्सीलाल म्हणाला, कायदा चांगला, माणसं नालायक. दुपार कलली. चांद्याचं पोट फुगायला लागलं, नाकाशी माशा जमल्या. वारा फिरला तसा वास ओट्याकडे यायला लागला, तर ही मंडळी उठून शेजारच्या सोनाराच्या ओट्यावर गेली आणि चर्चा जिथे थांबली होती तिथून पुढे चालू.

मी घरात गेले. यांचं नवं उपरणं, सकाळी मिरवलेलं, खुंटीवर होतं. ते नेऊन चांद्यावर टाकलं. हे लांबूनच ओरडले, "अगं ते रेशीमकाठी आहे." मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

उन्हं उतरताना झिपरू आला. बरोबर त्याचे दोन भाऊ. धुडकूभाऊंसमोर उभा राहून म्हणाला, "गावनं बलावणं ऊनं म्हनीसन मी ऊनू नही. तुन्हा बैल मरना म्हनीसन ऊनू. पहिले तू हात लाव. मंग मी लावसू."

गावाच्या बोलावण्याला न आलेला माणूस चांद्यासाठी आला होता. धुडकूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं ओटा बघतोय ते. त्यांच्या घरात कुणी मेलेल्या ढोराला कधी हात लावला नव्हता. ते वाकले आणि त्यांनी चांद्याचे पुढचे पाय धरले. झिपरूने मागचे धरले. सुंदरबाईने घराचं दार बिजागऱ्यांवरून काढून आणलं, त्यावर चांद्याला लोटून, दोर बांधून सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली. कोशाला जुंपून पाहिलं, पण तो चांद्याला हुंगत उभा राहिला, पाऊल टाकेना. मग त्यालाही त्रास दिला नाही. माणसांनीच ओढलं, शेतापर्यंत. मी दाराच्या मागून रेटत होते. सोनाराच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, रतिलालची बायको बघा. म्हणू दे.

मला यांनी घरात घेण्याआधी विहिरीवर आंघोळ करायला लावली. मी केली, मातीने अंग भरलंच होतं. धुडकूभाऊंचं मात्र निभावलं नाही. बन्सीलाल त्यांना सामान वरून टाकायला लागला. पाणवठ्यावर सुंदरबाईला थांबवून ठेवायला लागले, सगळ्यांचं भरून झालं की तिची पाळी. पंचांनी काही ठरवलं नव्हतं, ठरवण्याइतकी हिंमतही कुणात नव्हती. नुसती तोंडं फिरवली. धुडकूभाऊंनी कुणाला जाब विचारला नाही. संध्याकाळी ते झिपरूच्या वस्तीत जाऊन बसायला लागले, तिथे चहा प्यायला लागले. म्हातारे झाले तरी बसायचे. गावातल्या ओट्यावर ते परत कधी चढले नाहीत.

पण मला गोष्ट सांगायची होती ती आठवड्यानंतरची. निवडून आलेला माणूस सत्काराला येणार असं ठरलं. तर बन्सीलाल आणि आमचे हे धुडकूभाऊंच्या दारात जाऊन उभे. दार अजून बसवलेलं नव्हतं. आत पाऊल टाकलं नाही, रस्त्यावरूनच बोलले. कोशाला न्यायला आले होते. धुडकूचा विटाळ होता, कोशाचा नव्हता.

आमचे हे म्हणाले, "धुडकू, झालं गेलं. पक्षाची शोभा आहे. तुझी जोडी म्हणजे गावाची जोडी."

धुडकूभाऊ कोशाच्या अंगावरून हात फिरवत होते. तो थांबवला नाही.

"जोडी आखी शे," ते म्हणाले. "एक आठे बांधेल शे. दुसरा बांधवर पुरेल शे. खणी लई जा."

मी भिंतीआडून बघत, ऐकत होते. मला वाटलं आता तरी यांची मान खाली जाईल.

हे वळले आणि चालता चालता बन्सीलालला विचारलं, "तुझा तांबडा बैल कोशाच्या उंचीला लागेल का रे?"