लाळेच्या बिस्किटांचा फोटो

को थ्येनसेंगने त्रेचाळीस वर्षं ताइनानमधल्या घरांत फरश्या बसवल्या. गुडघे गेले तेव्हा थांबला. त्यानंतर हाताला काम उरलं ते एकच. रोज सकाळी सव्वापाचला उठायचं, मोबाइलवर सुप्रभाताचं चित्र तयार करायचं आणि देवळासमोर चहाला बसणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं.

ग्रुपमध्ये त्याच्याखेरीज पंचेचाळीस जण. सगळे म्हातारे, सगळे कोंबड्याआधी उठणारे. सहा वाजेपर्यंत तिथे कमळं, सूर्य आणि चहाचे कप यांचा ढीग पडायचा. पण बाकीच्यांचा माल आयता. कुठून आला ते न बघता पुढे ढकललेला. थ्येनसेंग फोटो स्वतः काढायचा आणि त्यावर अक्षरं स्वतः बसवायचा. एक ओळ सरळ व्हायला चाळीस मिनिटं लागत. बोट जाड, अक्षर बारीक. केसभर हललं की तो पहिल्यापासून सुरू करी.

"एवढं सरळ कुणाला दिसतंय?" बायको चिनइंग विचारायची.

"मला."

"मग स्वतःलाच पाठव."

मुलगा आणि सून काओशुंगला राहायचे, शनिवारी यायचे. नात झाली तेव्हा सुनेने, पेईचुनने, मोबाइलवर घरातल्यांसाठी एक अल्बम उघडला आणि थ्येनसेंगला समोर बसवून सांगितलं, "बाबा, ह्यात आपण सातच जण. ह्यातला फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही."

"बरं," थ्येनसेंग म्हणाला. अल्बममधला एकही फोटो त्याने बाहेर जाऊ दिला नाही. शब्द म्हणजे शब्द.

पण लाळेच्या बिस्किटांचा फोटो अल्बममधला नव्हता. तो त्याने स्वतः काढला होता.

नातीला चार महिने झाले तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेली बारा बिस्किटं घातली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेक मोडलं, तिच्या ओठांवरून फिरवलं, लाळ थांबू दे म्हणाले. लाळ काही थांबली नाही. सगळं दारासमोर चाललं होतं, उजेड चांगला होता. थ्येनसेंगने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ओळ बसवली: 'तोंड कोरडं, बोलणं थोडं. सुप्रभात.'

पंचेचाळीस जणांपैकी एकेचाळीस जणांनी वाहवा केली. त्याचा जुना जोडीदार त्साई, ज्याने पंचवीस वर्षं त्याला सिमेंट कालवून दिलं, त्याने लिहिलं, 'आसेंग, जन्मात पहिल्यांदा तुझं काम बघून हसू आलं.' थ्येनसेंग दिवसभर खुशीत होता. पेज दोनदा मागून घेतली.

मग अडीच महिने गेले.

एका शनिवारी पेईचुन आली. चपला काढल्या, मुलीला चिनइंगच्या हातात दिलं आणि मोबाइल थ्येनसेंगच्या नाकासमोर धरला.

"बाबा, हे बघा. आमच्या इथल्या बाजारातलं बिस्किटांचं दुकान."

दुकानाच्या खांबावर पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा बोर्ड होता. त्यावर एक बाळ, गळ्यात बारा बिस्किटं, हनुवटीवर लाळ. थ्येनसेंगने चष्मा लावला. बघता बघता त्याचे कान लाल झाले.

"टाइल्स आपल्या दाराच्या आहेत," तो म्हणाला.

"टाइल्सच्या पुढे कोण आहे?"

"आपलीच आहे."

"बिस्किटांवर काय लिहिलंय, वाचा."

बिस्किटांवर पांढऱ्या साखरेने नातीचं नाव होतं. खाली जन्मतारीख. मागे भिंतीवर घराच्या नंबराची निळी पाटी. अडीच महिन्यांपूर्वी हे सगळं त्याने पाहिलं होतं आणि त्याला फक्त नक्षी दिसली होती. आता पुरुषभर उंचीवर ते पत्त्यासारखं वाचता येत होतं.

"नाव, तारीख, घर," पेईचुन म्हणाली. "पोस्टमनलासुद्धा एवढं लागत नाही."

"अल्बममधला नाही तो. मी काढलेला आहे."

"मुलगी पण तुम्ही काढलीत का?"

चिनइंग खो खो हसली. थ्येनसेंगने तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड बाळाच्या पोटात लपवलं.

पेईचुनचा आवाज चढला नाही. तेच वाईट होतं. "मी तुम्हाला अल्बममधून काढतेय बाबा. जेवढ्यांकडून पुसून घेता येईल तेवढं पुसून घ्या, मग बघू. शनिवारी आम्ही येऊच."

शनिवार आठवड्यातून एकदा येतो. अल्बमात दिवसाला चार-पाच फोटो यायचे. आणि मुलगी सातव्या महिन्यात होती. सातव्यात बसणार, आठव्यात रांगणार, नवव्यात दात, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं. ती मंगळवारी बसली असती तर थ्येनसेंगला शनिवारी कळलं असतं.

त्याने ग्रुपवर लिहिलं: 'माझ्या नातीचा फोटो पुसा.' उत्तरादाखल बावीस अंगठे आणि नऊ नाचणारी अस्वलं आली. फोटो कुणीच पुसला नाही.

फरशी चुकली तर लांबून ओरडून ती निघत नाही. गुडघे टेकावे लागतात. थ्येनसेंगने कागदावर पंचेचाळीस नावं लिहिली आणि स्कूटर काढली.

पहिला त्साई. पेरू चिरत बसला होता.

"मोबाइल दे."

"बस की. पेरू खा."

"आधी पुस. माझ्यादेखत."

त्साईने पुसला. "झालं समाधान?"

"पुढे कुणाकुणाला धाडलास?"

त्साई आठवू लागला. मेहुणा. मेहुण्याचा मासेमारीचा ग्रुप. मणक्याच्या डॉक्टरकडे भेटलेल्या बायकांचा ग्रुप. "अकरा ठिकाणी," तो शेवटी म्हणाला. "एवढं सरळ काम केलं होतंस. म्हटलं, लोकांनी बघावं."

"सिमेंट कालवताना कधी एवढा उत्साह दाखवला नाहीस."

"सिमेंट कधी एवढं गोड नव्हतं."

थ्येनसेंगने अकरा नावं लिहून घेतली आणि प्रत्येकाला निरोप जाईपर्यंत उठला नाही. पेरू मात्र संपवला. असं दारोदार चाललं. कुणाला पुसायचं कसं ते येत नव्हतं, कुणाला चष्मा सापडत नव्हता. लिन आजींनी चुकून स्वतःच्या लग्नाचा फोटो पुसला आणि म्हणाल्या, "असू दे, बरंच झालं." एक जण चैत्रातच वारला होता. त्याच्या नावाने रोज येणारं कमळ त्याची बायको पाठवत होती. तिने फोटो पुसला आणि विचारलं, "कमळ तर चालेल ना?" थ्येनसेंग म्हणाला, "कमळ पाठवत राहा."

अकरा दिवसांनी कागदावर दोनशे तेरा नावं होती. एकशे अडुसष्टांपुढे खूण. उरलेल्यांनी कुणाकुणाला धाडलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, त्याने पिशवीत छिन्नी, रबरी हातोडा, थापी आणि थोडं सिमेंट घातलं आणि काओशुंगची गाडी धरली.

दुकानदारीण बिस्किटांवर साखरेची अक्षरं काढत होती. हात स्थिर होता. थ्येनसेंगला ते आवडलं.

"हा बोर्ड काढायचाय."

"का हो आजोबा? लकी आहे तो. लावल्यापासून गर्दी वाढलीय. गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो आहे."

"माझी नात आहे ती."

"असं कुणीही म्हणेल."

थ्येनसेंगने बोट ठेवलं. "मागची भिंत बघ. डावीकडून तिसरी टाइल अर्धं सूत खाली बसलीय."

तिने डोळे बारीक केले. जवळ गेली. "आहे खरी. तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बसवली. तेवीस वर्षं झाली. बायकोला अजून ठाऊक नाही."

बाई हसली. मग एकदम हसू आवरलं. बोर्डकडे नीट बघितलं, नाव वाचलं, तारीख वाचली, पाटी वाचली. "अगं आई," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही हो. पण बोर्ड चिकटवलाय. ओढला तर खांबाच्या टाइल्स येतील."

"म्हणून तर पिशवी आणलीय."

एक तास दहा मिनिटं लागली. बोर्ड अखंड निघाला. दोन टाइल्स आधीच पोकळ वाजत होत्या, त्या त्याने उचलून पुन्हा बसवल्या, सांधे भरले, पुसले. बाई हातातली बिस्किटं विसरून बघत राहिली.

"साइहू," आता ती आजोबा म्हणाली नाही, उस्ताद कारागिराला म्हणतात तसं म्हणाली, "तिकडच्या खांबाचंही बघाल का?"

"गुडघे संपलेत," तो म्हणाला. बोर्ड दुमडून काखेत घातला आणि निघाला. वाटेत तो फोटो आणखी कुणाला दिसू नये म्हणून नातीचा चेहरा आतल्या बाजूला घेतला होता.

शनिवारी त्याने कागद पेईचुनपुढे ठेवला.

"दोनशे तेरा. एकशे अडुसष्ट पुसले. पंचेचाळीस हाती लागले नाहीत. त्यापुढे कुठे गेलाय ते माहीत नाही. ते सिमेंट वाळलं."

पेईचुनने कागद वरून खाली वाचला. नावं एकाखाली एक, डावी कड ओळंबा लावल्यासारखी.

"सगळे पुसले म्हणाला असतात, तर आज काही मी तुम्हाला परत घेतलं नसतं," ती म्हणाली आणि मोबाइलवर काहीतरी दाबलं. थ्येनसेंगच्या खिशात टिंग वाजलं.

अल्बममध्ये दोन आठवड्यांचे फोटो होते. त्यातला एक गुरुवारचा. मुलगी बसली होती. दुपारी तीन वाजता. त्या वेळी तो खांबाला गुडघे टेकून होता.

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं कशाने? ठेव की तिला खाली," चिनइंग म्हणाली.

त्याने नातीला फरशीवर बसवलं. ती चार श्वास बसली आणि डावीकडे कलंडली. त्याने हात लावून सावरलं.

"अजून ओळंब्यात नाही," तो म्हणाला. "आठवडा लागेल."

तिघांनी मोबाइल काढले. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते. त्याने काढला नाही.

रविवारी सकाळी सहाला ग्रुपवर त्याचं चित्र आलं. बंद दार, दाराभोवतीच्या टाइल्स, नंबराच्या पाटीवर चिकटपट्टी. भिंतीशी एक जास्वंदीची कुंडी. ओळ सरळ.

त्साईने लगेच लिहिलं, 'नुसतं दार? नात कुठेय?'

'घरात आहे.'

'आणि ती कुंडी तिसऱ्या टाइलपुढेच कशाला?'

थ्येनसेंगने मोबाइल पालथा ठेवला आणि पेज जेवायला बसला. समोर चिनइंग हसत होती. ती कशाला हसतेय, हे त्याने विचारलं नाही.