कैदी हवे होते

इंग्रजांनी मुंबईहून सिंगापूरला आणलेल्या कैद्यांवर आम्ही काही मराठी मित्र पदरच्या पैशांनी चित्रपट करत होतो. आठवडाभर सिंगापूरच्या वन-नॉर्थ टेक पार्कमध्ये नोकरी आणि रविवारी लोकेशनचा शोध. जुरोंग ईस्ट या उपनगराच्या पुढे एकदा हवा तसा लाल मातीचा चढ सापडला. जवळच झाडाखाली काही भारतीय बांधकाम मजूर सुट्टीची दुपार घालवत जेवत बसले होते. आमचा दिग्दर्शक मला म्हणाला, "अरे, कैदी तर इथेच आहेत! विचार ना, काम करतील का?"

मी लगेच गेलो आणि हिंदीत, गोड आवाजात विचारलं. त्यांच्यातल्या वयस्क माणसाने आधी मला डबा पुढे केला. मग म्हणाला, "रोल क्या है, साब?"

"कैदी. पायात बेड्या घालून रस्ता खणायचा."

तो हिंदीतच म्हणाला, "नको. गावी मुलगी बघेल. तिला वाटेल, बाबा तिकडे असेच राहतात." मग सहज विचारलं, "तुम्ही कोण होणार?"

"साहेबाचा कारकून."

"हां, वो ठीक है," त्याने मान डोलावली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच माझे कान तापले.

परत येऊन मी दिग्दर्शकाला सांगितलं, "त्यांना रविवारी सुट्टी नसते." त्याने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. खोटं त्याला कळलं.

पुढे ऑफिसातले मित्रच कैदी झाले. त्या चढावर मात्र आम्ही शूटिंग केलं नाही.