आमचं 'सागवानी' दार

मंडळी, कळसच्या आमच्या जुन्या घराचं दार सागवानी आहे, असं आम्ही पाहुण्यांना वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आलो.

आज सुतार तात्यांना त्याचा रंग काढायला बोलावलं. मी ग्राइंडर आणून ठेवला होता. "नक्षी जाईल," म्हणत त्यांनी तो बाजूला सारला आणि काचेच्या तुकड्यानं खरवडायला बसले. घरातल्या प्रत्येक लग्नाला दिलेला रंग थराथरानं निघाला.

दुपारी लाकूड दिसलं. तात्या हसले. "सागवान कुठलं? बाभळ हाय ही!"

माझा चेहराच पडला. म्हणालो, "लगेच परत रंग मारा."

तात्यांनी नक्षीवरनं बोट फिरवलं. "सागावर कुणीबी कोरंल. टणक बाभळीवर एवढं बारीक काम? झाकू नका हे."

नवा आणलेला रंगाचा डबा दुकानात परत दिला. तुमच्या घरातली एखादी बढाई अशी खऱ्यापुढं फिकी पडलीय का?