शिमल्यात उगवती सापडेना

उगवती कुठे आहे हे एखाद्या दिवशी सूर्य विसरेल, पण माझी बाजारातली शेजारीण विसरायची नाही. चांदूर बाजारच्या भाजीच्या ओळीत अठरा वर्षे मी तिच्या बाजूला बसले, आणि तिच्या तोंडून डावे-उजवे हे शब्द एकदाही ऐकले नाहीत. आमच्या सपाट काळ्या रानात सगळेच दिशा धरून बोलतात, पण ती ताटातही दिशा सोडत नाही. जेवता जेवता म्हणते, "उगवतीकडची चटनी सरकव वं." एकदा गुडघा दाखवायला मी तिला परतवाड्याला डॉक्टरकडे नेले. कोणता गुडघा दुखतो असे त्यांनी विचारले, तर म्हणाली, "मावळतीकडचा." डॉक्टर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग उजेडात पाहावे म्हणून त्यांनी तिची खुर्ची फिरवली, तर ही लगेच म्हणाली, "आता उगवतीकडचा."

मी तिला मावशी म्हणते. नात्यातली कोणी नाही, पण तिच्या आवाजावर माझी भाजी विकली जायची. मला ओरडता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभे राहिले की मी पालकाकडे बघत बसते. मग तीच दोघींची हाक द्यायची, "या वं बाई, इचा पालक पाहा! बोलत नाई, पन माप बराबर देते!" म्हणून दिवाळीनंतर तिचा मुलगा तिला कायमची अकोल्याला नेणार हे कळले, तेव्हा दोन दिवस माझ्या हाताने धड जुडी बांधली गेली नाही. एकच आशा होती. मुलाचे घर चौथ्या मजल्यावर. मावशीला जिना चढवत नाही, आणि लिफ्टचे तिला भारी भेव. "त्या कपाटात मी पाय ठेवत नाई. मेल्यावर न्या मले त्याच्यातून," असे ती मुलाला फोनवर ठणकावून सांगायची, आणि मी पलीकडे मेथी निवडत त्या न पाहिलेल्या लिफ्टला मनातल्या मनात हात जोडायची.

जायच्या आधी बर्फ पाहायचा असा तिने हट्ट धरला, म्हणून ओळीतल्या आम्ही चौघी अमरावतीच्या एका सहलीबरोबर शिमल्याला गेलो. सहलवाल्याने सकाळीच बजावले की आज सात ठिकाणे पाहायची आहेत आणि बस पाच वाजता खालच्या रस्त्यावरून निघेल. खालचा रस्ता कोणता, हे विचारायला हवे होते. कारण त्या गावात प्रत्येकच रस्ता कशाच्या तरी खाली आहे. आम्ही एका दुकानात रस्त्यावरून शिरलो, जिना उतरून मागच्या दाराने निघालो, तर पुन्हा रस्ताच. वर पाहिले तर आम्ही आलो तो रस्ता कोणाच्या तरी छपरावरून चाललेला. त्यात आभाळ भरलेले, सूर्याचा पत्ता नाही. मावशी भर चौकात उभी राहून गोल गोल फिरली. "हे गाव कोनं बांधलं वं? उगवती काहून नाई दिसून राहिली?" एक पिवळे चर्च आम्ही तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा नवीन समजून त्याच्यासमोर फोटो काढले. सात ठिकाणांपैकी नेमकी किती पाहिली हे मला अजून उमगत नाही. बर्फाचे विचारले तर सहलवाल्याने लांबच्या ढगाकडे बोट केले, त्याच्या मागे आहे म्हणाला. मावशीने त्या ढगालाच नमस्कार केला.

दुपारी बाकीच्या दोघी सहलवाल्याबरोबर स्वेटर घ्यायला गेल्या आणि मावशीने माझा हात धरून भाजीबाजार शोधला. तो बरा सापडला, वासावर. आमच्याकडे कोणी तिची भेंडी मोडून पाहिली तर ती त्याच्या सात पिढ्या काढायची. इथे मात्र तिने एकेक कोबी दाबली, मटाराची शेंग फोडली, गाजर कडकन मोडले. दुकानदार म्हणाला, "माताजी, लेना है क्या?" मावशी म्हणाली, "लेना नहीं भाऊ, हम भी इसीच धंदेवाले हैं. तुमारा माल तपासून राहिली." तो हसला आणि त्याने तिच्या ओंजळीत मटाराच्या शेंगा टाकल्या. त्या दिवशी तिने नीट पाहिलेले ठिकाण तेवढे एकच.

साडेचार वाजले. "बस मावळतीले हाये, चाल," म्हणत ती पुढे निघाली. आम्ही उतरलो, चढलो, वळलो, परत उतरलो, आणि समोर ते पिवळे चर्च. तिथून खाली जायच्या पायऱ्यांवर तिचे गुडघे दुखायला लागले आणि ती खालीच बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरी, मले काईच समजून नाई राहिलं." अठरा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मग मीच उठले आणि शाल विकणाऱ्या एका बाईला मोडक्या हिंदीत बसचा रस्ता विचारला. ती म्हणाली, पायऱ्या खूप आहेत, लिफ्टने जा, तिकडे समोर आहे.

मला अकोल्याचा चौथा मजला आठवला. पायऱ्यांनीच जावे लागते, असे मी मावशीला सांगितले असते तर तिने ऐकले असते. ती पायरीवर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती.

"मावशी, लिफ्टनं जाऊ."

"मी नाई."

"मी हाये ना संगं."

तिने माझे मनगट असे धरले की बांगडी रुतली. आत डोळे गच्च मिटून तिने गावातल्या सगळ्या देवांची नावे घेतली, शेवटी एकदोन पुढाऱ्यांचीही घेतली. दार उघडले.

"झालं?"

"झालं."

"इतकंच?"

पुढे थोडे चालून दुसरी लिफ्ट होती, थेट खालच्या रस्त्याला जाणारी. तिच्यात ती माझ्या आधी शिरली आणि आतल्या एका माणसाला म्हणाली, "जरा सरको भाऊ, हमारी पोरी को भेव लगता है." भेव मला खरेच वाटत होते.

बस मिळाली. सुटायच्या आत तिने मुलाला फोन लावला. "अरे, त्या कपाटात बसून आली मी, दोनदा!" खिडकीबाहेर बघत मी मटाराच्या शेंगा सोलत राहिले.

दिवाळीनंतर ती गेली. अकोल्याहून आठ-पंधरा दिवसांनी तिचा फोन येतो. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ती खालच्या गाडीवाल्याशी भाव करते म्हणे, आणि सगळी इमारत तिच्याच भावाने भाजी घेते. मग हळूच विचारते, "माह्या जागेवर कोन बसते वं?"

"कोनी नाई," मी सांगते. ते खोटे नाही. मी माझे पोते थोडे रुंद अंथरते, तिच्या जागेपर्यंत.