सात एकांची संख्या

अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर ओळीने सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही संख्या मूळ की संयुक्त, ते पंधरवड्यात कारणासहित लिहून द्यायचं होतं. नागपूरला एम.एस्सी.साठी सर एकालाच शिफारसपत्र देणार होते. चुरस दोघांतच होती : मी आणि बडनेऱ्याहून रोज गाडीने येणारा माझा मित्र.

मी एक हजार चोपन्नच्या आतल्या सगळ्या, म्हणजे एकशे सत्याहत्तर मूळ संख्यांनी भागून पाहिलं. चार दिवस लागले. एकीनेही भाग गेला नाही. ‘मूळ संख्या’ असं लिहून वही दिली.

"दोनशे एकोणचाळीसनं जाते ना बे!" मित्र हसला. "तवा काय झोपला होता?"

तिथेच माझा हातचा चुकला होता.

त्याला आठच भागाकार लागले होते. या संख्येला भागणारी मूळ संख्या चौदाने भागली, तर बाकी एकच उरते, हे त्याने आधी सिद्ध केलं होतं. मग तेवढ्याच संख्या तपासल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आजारी पडल्याचा निरोप आला. जाताना त्याने दोन कागद माझ्या हातात दिले : पहिल्यावर सिद्धता, दुसऱ्यावर ते आठ भागाकार.

"सरले देजो. पयला आधी दाखवजो, नाहीतर म्हणतीन तुक्का लागला."

पहिला कागद मी वाचला. तो माझ्या किती पुढे आहे, ते मला कळलं. सरांना मी फक्त दुसरा दिला.

"आठच भागाकार? कारण कुठे आहे?"

"एवढंच दिलं, सर."

"मग हा अंदाज झाला. तुझं उत्तर चुकलं, पण मेहनत तरी दिसते."

पत्र मला मिळालं. तो परतला तेव्हा सर त्याला म्हणाले, अंदाजाने गणित होत नाही. सरांनी दोन्ही कागद वाचलेत असंच तो समजला आणि बडनेऱ्याची गाडी पकडायला निघून गेला.

एकोणीसशे साठनंतर मी अकोल्यात प्राध्यापक होतो. पुस्तकांची पेटी सोडवायला रेल्वेच्या मालधक्क्यावर गेलो, तर टेबलामागे कारकून म्हणून तोच मित्र. त्याने चहा मागवला. मग म्हणाला, "त्या पयल्या कागदात गलती कुठं होती रे? मले वाटते, तीनचं मी वेगळं पाह्यलंच नसन. तीनले तो नियम लागत नाही."

"असेल," मी म्हणालो.

"मंग बरं झालं, त्या नादातून निघालो ते." माझी पेटी त्यानेच उचलून टांग्यात ठेवली.

तीनची ओळ त्या कागदावर होती. तळाशी, नीट अक्षरात : अंकांची बेरीज सात, म्हणून तीनने भाग जात नाही. कागदात कुठेही चूक नव्हती. सरांनी तो नाकारला नाही. मी तो त्यांना दाखवलाच नाही.